राणी नसलेले चित्र
(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



आज मी तुम्हाला एक चित्र दाखवणार आहे. रेडिओवरून चित्र कसे दाखवणार, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. पण माझी अडचण त्याहून मोठी आहे. हे चित्र एका राणीचे आहे आणि त्या चित्रात राणी नाही. तेव्हा डोळ्यांनी पाहणाऱ्यांच्या तुलनेत कानांनी ऐकणारे तुम्ही फार मागे राहाल असे मला वाटत नाही.

विषय आहे फारसी पोथ्यांमधली दरबाराची चित्रे. चहाच्या टपरीवर मी हे सांगितले तेव्हा एक मित्र म्हणाले, "कवी, भद्रावतीत बसून इराणच्या बादशहाचं काय सांगून राहिलात? आपल्या कोळशावर बोला नं." त्यांचेही चूक नाही. आमच्या गावात भद्रनागाचे देऊळ आहे, विजासनची बौद्ध लेणी आहेत, पार्श्वनाथाचे जैन मंदिर आहे, ग्रामोदय संघाची मातीची भांडी आहेत आणि खाली कोळसा आहे. फारसी दरबार नाही. पण मला ज्या पोथीबद्दल बोलायचे आहे ती इराणात नाही. ती पुण्याच्या सदाशिव पेठेत आहे, भारत इतिहास संशोधक मंडळात. आणि ती जिथल्या दरबाराची आहे ते गाव म्हणजे अहमदनगर, ज्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. म्हणजे सगळा मामला घरचाच आहे.

त्या पोथीकडे जाण्याआधी अशी चित्रे पाहायची कशी, ते थोडे सांगतो. ही चित्रे भिंतीवर टांगण्यासाठी काढलेली नसत. ती पुस्तकाच्या पानातली चित्रे. पोथी मांडीवर किंवा रेहलीवर ठेवायची, एका वेळी एकाने, फार तर दोघांनी पाहायची. आधी लेखनिक मजकूर लिही आणि चित्रासाठी जागा कोरी सोडी. मग चित्रकार बसे. कागद अकीकाच्या दगडाने घोटून काचेसारखा गुळगुळीत केलेला असे. रंग बहुतेक दगडाधोंड्यांतून येत. निळा लाजवर्दाचा, तांबडा हिंगुळाचा, पिवळा हरताळाचा. सोन्याचा वर्ख खलून त्याचीही शाई होई. एका पानावर अनेक हात चालत. रेषा एकाची, रंग दुसऱ्याचा, सोन्याचे काम तिसऱ्याचे.

या चित्रांत सावली नसते. रात्र असेल तर मेणबत्ती दाखवतात, आभाळात चांदणे काढतात, पण राजाचा चेहरा भर दुपारी दिसावा तसाच लख्ख दिसतो. गालिचा वरून पाहिल्यासारखा दिसतो आणि त्यावर बसलेला माणूस समोरून. लहान मूल चित्र काढताना विहीर वरून काढते आणि पाणी भरणारी बाई समोरून काढते, तसेच हे. मुलाला माहीत असते की विहीर गोल आहे. ती गोल दिसलीच पाहिजे. या चित्रकारांचेही तेच म्हणणे. जे आहे ते सगळे दिसले पाहिजे, एकाने दुसऱ्याला झाकता कामा नये.

फारसीत दोन शब्द जोडीने येतात, बज्म आणि रज्म. बज्म म्हणजे मैफल, मेजवानी, दरबार. रज्म म्हणजे लढाई. राजाचे आयुष्य या दोन शब्दांत बसवायचे, अशी रीत होती. म्हणून एक पान उलटले की घोडे, भाले आणि तुटलेली मुंडकी, पुढचे पान उलटले की बाग, पाण्याचा पाट, सुरई, वादक आणि मधोमध तख्तावर राजा. कोण राजाच्या किती जवळ, कोण उजवीकडे, कोण डावीकडे, कोण उभा, कोण बसलेला, हे सगळे ठरलेले असे. दरबाराचे चित्र म्हणजे त्या राज्याचा मानपानाचा तक्ताच. लग्नाच्या पंगतीत कुणाचे पान कुठे मांडले यावरून आपल्याकडे आजही रुसवेफुगवे होतात. ते ज्याला कळते त्याला हे चित्र कळायला अडचण नाही.

अशा पोथ्यांमधली फार मोठी पोथी म्हणजे इराणच्या शाह तहमास्पचे शाहनामा. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात तब्रीझ शहरात ते तयार झाले. त्यात २५८ चित्रे होती. त्यातले एक चित्र मला फार आवडते. सुलतान मुहंमद नावाच्या उस्तादाने काढलेला गयुमर्सचा दरबार. गयुमर्स हा शाहनाम्यातला पहिला राजा. त्याच्या काळी घरे नव्हती, कापड नव्हते. म्हणून तो डोंगरावर बसला आहे, त्याची माणसे चित्त्या-बिबट्याची कातडी पांघरून भोवती गोल करून आहेत आणि जनावरे भीती सोडून जवळ बसली आहेत. आमच्याच तालुक्यातल्या मोहर्लीच्या फाटकातून लोक ताडोबात वाघ पाहायला जातात. आम्हा जंगलाशेजारच्या माणसांना असा दरबार आपलासा वाटणारच.

त्या शाहनाम्याचे पुढे काय झाले? १५६८ च्या सुमारास ते तुर्कस्तानच्या सुलतानाला नजराणा म्हणून गेले. विसाव्या शतकात एका अमेरिकन संग्राहकाच्या हाती आले आणि त्याने पाने सुटी केली. काही पाने संग्रहालयाला दिली, काही विकली. उरलेली ११८ चित्रे १९९४ साली इराणला परत मिळाली, आणि ती कशाच्या बदल्यात? एका आधुनिक चित्रकाराने काढलेल्या बाईच्या चित्राच्या बदल्यात. चित्रांचेही नशीब माणसांसारखेच असते. कुणाला घर मिळते, कुणाची फाळणी होते.

इथे एक प्रश्न मला नेहमी विचारला जातो. "तुमच्यात चित्र चालतं का?" प्रामाणिक उत्तर असे की मशिदीत आणि कुराणाच्या प्रतीत माणसाचे चित्र नसते. पण काव्याच्या, इतिहासाच्या, वैद्यकाच्या पोथ्यांत मुसलमान राजांनी शतकानुशतके माणसांची चित्रे काढून घेतली, आणि ती काढणारे हातही बहुतेक मुसलमानांचेच होते. कुणाला ते पटले, कुणाला पटले नाही. वाद तेव्हाही होता. पण चित्रे झाली आणि ती आहेत.

आता एक गंमत करून पाहा. डोळ्यांपुढे असे एक दरबाराचे चित्र आणा आणि त्यात काय काय दिसते त्याची मराठीत यादी करा. दरबार. तख्त. शामियाना. गालिचा. पडदा. बाग. हौद. गुलाब. सुरई. पेला. पोशाख. चाकर. शिपाई. शिकार. आणि हे सगळे ज्यावर काढले तो कागद, ज्याने मजकूर लिहिला ती शाई, आणि ही अख्खी तसबीर. यातला जवळजवळ प्रत्येक शब्द फारसीतून किंवा फारसीमार्गे आपल्याकडे आला आहे. मी बी. ए. मराठी घेऊन झालो. मला फारसी येत नाही. अरबी लिपी लहानपणी मौलवीसाहेबांनी शिकवली म्हणून अक्षरे लागतात, अर्थ लागत नाही. तरीही चित्रातल्या वस्तू मी एकेक करून मराठीत मोजू शकतो.

या शब्दांची मोजदाद करणारा माणूसही मराठी कवीच होता. माधवराव पटवर्धन, म्हणजे आपले माधव जूलियन. ते फारसीचे प्राध्यापक. त्यांचा फार्शी-मराठी कोश १९२५ साली प्रसिद्ध झाला, आणि तो काढला याच भारत इतिहास संशोधक मंडळाने. पुढे तेच माधवराव भाषाशुद्धीच्या बाजूने उभे राहिले, हे शब्द मराठीतून काढावेत म्हणून लिहू लागले. मी त्यांच्यावर रागावलेलो नाही. ज्याने शब्द इतक्या प्रेमाने गोळा केले त्यालाच ते काढण्याचा अधिकार, असे फार तर म्हणेन. पण 'कागद' हा शब्द काढायचा म्हटला तरी ते लिहायला कागदच लागतो. पुसण्याची ही अडचण तेवढी लक्षात ठेवा. तिच्याकडे परत यायचे आहे.

इराणची ही कला दख्खनला कशी आली? बरीचशी समुद्रावरून आली. चौल आणि दाभोळ ही कोकणातली बंदरे तेव्हा इराणी आखाताशी व्यापाराने बांधलेली होती. घोडे उतरत, तसे विद्वान, कवी, वैद्य आणि कारागीर उतरत. निजामशाहीच्या दरबारात शाह ताहिर नावाचा मोठा विद्वान आला तो इराणहूनच. इतिहासकार फिरिश्ता लहानपणी वडिलांबरोबर कास्पियन समुद्राकाठच्या अस्तराबादहून नगरला आला. आणि ज्या निजामशाहीत हे सगळे आले तिचे मूळ कुठले? तोच फिरिश्ता सांगतो की या घराण्याचा मूळपुरुष परभणीकडच्या पाथरीच्या ब्राह्मण कुळातला होता. मालोजी भोसले याच निजामशाहीचे सरदार. त्यांनी नगरच्या शाह शरीफ या अवलियाच्या नावावरून मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, ही गोष्ट आपण शाळेतच ऐकलेली असते. तेव्हा कोण आतले आणि कोण बाहेरचे, याचा हिशेब त्या दरबारात मांडायला बसलो तर संध्याकाळ होईल.

आता ती पोथी. तिचे नाव 'तारीफ-ए-हुसेनशाही'. नावावरूनच कळते, ही स्तुती आहे. नगरचा हुसेन निजामशहा पहिला, याची. लिहिणारा त्याचा दरबारी कवी. त्याचे टोपणनाव आफताबी, म्हणजे सूर्याचा. भाषा फारसी. मुळात १४ चित्रे होती, त्यातली १२ उरली आहेत. दख्खनमधल्या अगदी आरंभीच्या सचित्र पोथ्यांमध्ये तिची गणना होते. मंडळाने १९८७ साली ती अनुवादासह छापली. काम केले कुलकर्णी आणि माटे या दोन अभ्यासकांनी. काही वर्षांपूर्वी एका ग्रंथालयात हे पुस्तक माझ्या हाती आले. मी उभ्याउभ्या चाळायला लागलो आणि ग्रंथपालाने दिवे मालवायची वेळ झाली म्हणून सांगितले तेव्हा भानावर आलो.

या पोथीत बज्म आहे आणि रज्मही आहे. रज्म म्हणजे तालिकोटची लढाई. जानेवारी १५६५ मध्ये दख्खनच्या सुलतानांनी एकत्र येऊन विजयनगरचा पाडाव केला. हुसेन निजामशहा त्यांतला एक. रामरायाचा शिरच्छेद झाला, तोही चित्रात आहे. इथे एक गोष्ट मोकळेपणाने सांगितली पाहिजे. स्तुतीचे काव्य खरे बोलते, पण निवडून बोलते. मेलेल्या सैनिकांच्या घरी त्या रात्री काय झाले असेल, ते आफताबीने लिहिले नाही. कारण त्याला पगार त्याचा नव्हता. आणि मला तरी छाती ठोकून सांगता येईल का, की त्या दरबारात मला चाकरी मिळाली असती तर मी वेगळे लिहिले असते?

पण ही चित्रे नुसती इराणी नाहीत. आभाळ सोन्याचे, क्षितिज पानाच्या पार वर चढवलेले, हे इराणी वळण. बायका मात्र इथल्या. अंगात चोळी, पाठीवर लांब वेणी आणि वेणीच्या टोकाला गोंडा. अभ्यासक त्यांच्या पेहरावाचे धागे एकीकडे माळव्याच्या जुन्या चित्रांशी जोडतात, दुसरीकडे लेपाक्षीच्या देवळातल्या भित्तिचित्रांशी. लेपाक्षी म्हणजे विजयनगरचे राज्य. ज्या विजयनगरच्या पाडावाची ही विजयगाथा, त्याच विजयनगरची वेशभूषा तिच्या चित्रांत शिरली आहे. तलवारीने जे तोडले ते कुंचल्याने जोडून ठेवले होते. चित्रकाराचे नाव मात्र कुणाला माहीत नाही.

एका चित्रात तर एक स्त्री झाडापाशी उभी आहे आणि तिच्या स्पर्शाने झाड बहरले आहे. ही कल्पना इराणची नाही. संस्कृतात तिला 'दोहद' म्हणतात. सुंदर स्त्रीच्या पायाच्या स्पर्शाने अशोक फुलतो. कालिदासाच्या 'मालविकाग्निमित्रा'त हेच आहे. त्याच 'दोहद'पासून आपला 'डोहाळे' शब्द आला. फारसी पोथी, मुसलमान राजा आणि चित्रात डोहाळे लागलेले झाड! मी ते पान किती वेळ पाहत राहिलो, सांगता येत नाही.

आणि आता ते चित्र, ज्यासाठी मी तुम्हाला इतका वेळ थांबवले आहे.

दरबार भरला आहे. तख्तावर राजा हुसेन बसला आहे. दोन्ही बाजूंना सेविका उभ्या आहेत. सगळे जिथल्या तिथे आहे. फक्त राजाच्या अगदी लगत, त्याच तख्तावर, एक डाग आहे. तो सांडलेल्या पाण्याचा किंवा कसरीने खाल्ल्याचा डाग नाही. त्याला आकार आहे, बसलेल्या माणसाएवढा. राजाची बैठक अशी आहे की तिथे कुणीतरी जवळचे असलेच पाहिजे. पुढच्या चित्रांत पाहा, पुन्हा तोच प्रकार. राजा आहे, आणि शेजारी पुसलेली जागा आहे.

ती जागा राणी खुंजा हुमायूंची.

फारसी दरबारी चित्रात तख्त राजाचे. राण्या असल्याच तर सज्जात, खिडकीत, जनान्याच्या वेगळ्या चित्रात. राणी राजाच्या शेजारी, एकाच तख्तावर, आणि तीही पुन्हा पुन्हा, ही फार दुर्मिळ गोष्ट. आफताबीनेही काव्यात तिच्या रूपाचे वर्णन केले आहे, दोघांच्या लग्नाच्या सुखाबद्दल लिहिले आहे. नवऱ्याची स्तुती करता करता बायकोचीही केली, असा हा ग्रंथ.

मग ती पुसली कुणी? तालिकोटची लढाई झाली त्याच वर्षी हुसेन वारला. मुलगा मुर्तजा गादीवर आला, पण वयाने लहान. कारभार आईच्या हाती आला. चार वर्षे खुंजा हुमायूंने राज्य चालवले, आणि ही पोथी याच काळात पुरी झाली असावी असे अभ्यासक मानतात. दरबारात तिच्याविरुद्ध गट पडले. १५६९ साली मुलाने आईला कैद केले. तिचे दिवस फिरल्यावर केव्हातरी कुणीतरी पोथी उघडली आणि राणीवर हात फिरवला, असा तर्क आहे. ज्याने फिरवला त्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही. कदाचित तो एखादा गरीब चित्रकारच असेल. कदाचित ज्याने ती काढली तोच.

पण त्याच्याकडून दोन गोष्टी राहून गेल्या. एक म्हणजे, शब्द. चित्रे पुसली, पण कवितेतली राणी तशीच राहिली. पुसणाऱ्याला वाचता येत नव्हते, की वेळ नव्हता, की ते अक्षर मोडायला हात धजला नाही? कवी म्हणून मला तिसरे कारण आवडले असते, पण पहिलेच खरे असण्याचा संभव जास्त. दुसरी गोष्ट म्हणजे, डाग. राणी तिथे तशीच राहिली असती तर आज पोथी पाहणारा म्हणाला असता, राजाराणी बसले आहेत, आणि पान उलटले असते. आता पाहणाऱ्याची नजर आधी जाते ती त्या डागावरच. राजा बिचारा सोन्याच्या आभाळाखाली सजूनधजून बसला आहे, आणि सगळे विचारतात, शेजारी कोण होते? कागदावरून कागद काढता येत नाही, ते असे.

काळाने आणखी एक उलटा न्याय केला. याच राणीची मुलगी म्हणजे चांदबीबी. अकबराच्या फौजेने नगरच्या किल्ल्याला वेढा घातला तेव्हा १५९५-९६ मध्ये तिने तो लढवला. पुढच्या शतकांत दख्खनच्या चित्रकारांनी तिला पुन्हा पुन्हा रंगवले. घोड्यावर बसलेली, हातावर ससाणा घेतलेली. नगरजवळच्या डोंगरावर सलाबतखान या निजामशाही वजिराची कबर आहे, तिलाही लोक 'चांदबीबीचा महाल' म्हणतात. आईला पोथीतून पुसले, तर लोकांनी लेकीच्या नावावर दुसऱ्याची इमारतसुद्धा करून टाकली.

अशीच आणखी एक राणी आमच्या चंद्रपूरला होऊन गेली. राणी हिराई. गोंड राजा बीरशहाची बायको. नवऱ्यानंतर दत्तक मुलगा रामशहा लहान, म्हणून अठराव्या शतकाच्या आरंभी कारभार हिराईने पाहिला. अंचलेश्वराच्या देवळाजवळ तिने नवऱ्याची समाधी बांधली, ती आजही उभी आहे. तिचा घुमट पाहून परगावचे पाहुणे विचारतात, "ही मशीद आहे का?" गोंड राजाची समाधी, मुसलमानी धाटणीचा घुमट, शेजारी महादेवाचे देऊळ. हिराईची तसबीर मी पाहिलेली नाही. पण तिला पुसायचे तर दगड फोडावे लागतील. खुंजा हुमायूं कागदावर होती, एवढाच फरक.

श्रोतेहो, इथे भाषण संपवता आले असते. राजांनी राण्या पुसल्या, वाईट केले, असे म्हणून आपण सगळे चांगले ठरलो असतो. पण ते पुस्तक चाळून मी घरी आलो तेव्हा एक गोष्ट घडली. ती सांगतो.

माझ्या बैठकीत भिंतीवर एक चौकट आहे. फार वर्षांपूर्वी एका गावी माझा सत्कार झाला होता. दुसऱ्या दिवशी एका वर्तमानपत्रात फोटो आला. मी ते कात्रण जपून आणले, काच लावून घेतली आणि टांगले. शाल पांघरलेला मी, एका बाजूला पाहुणे, दुसऱ्या बाजूला फोटो संपतो. पाहुण्यारावळ्यांना मी ते कात्रण हौसेने दाखवत आलो आहे. म्हणजे माझे दरबाराचे चित्रच म्हणा.

त्या रात्री मी ते पहिल्यांदा नीट पाहिले. फोटो जिथे संपतो तिथे, माझ्या खांद्यापाशी, एक हात आहे. नुसता हात, कोपरापर्यंत. फुलांचा गुच्छ धरलेला. पुढचे माणूस कात्रीने कापले आहे.

मी आतल्या खोलीत विचारले, "हा हात कुणाचा गं?"

ती बाहेर आली. चष्मा पुसला. म्हणाली, "अजी, मेरा है. आपने ही पकडने दिया था." आणि स्वयंपाकघरात निघून गेली. आवाजात तक्रार नव्हती. तिला ते पहिल्या दिवसापासून माहीत होते. रोज ती त्या काचेवरची धूळ पुसत होती.

माझे अक्षर वाईट आहे. माझ्या चारही संग्रहांची मुद्रणप्रत तिच्या हातची आहे. तिच्या अक्षरात उतरल्यावर मलाच माझी कविता वाचता येते. जुन्या पोथ्यांत निदान शेवटच्या पानावर लेखनिकाला आपले नाव घालायची रीत होती. माझ्या एकाही पुस्तकात तिचे नाव नाही. वर्तमानपत्राने जागा कमी पडली म्हणून फोटो कापला असेल, त्यांचा नाइलाज होता. पण त्या कात्रणाला काच लावली ती मी. नगरच्या दरबारात राणीवर रंग फासायला निदान गादी बदलावी लागली, गट पडावे लागले, मुलाला आईवर उलटावे लागले. माझ्या घरी यातले काहीच झाले नाही. नुसते लक्ष गेले नाही, तेवढ्यावर भागले.

म्हणून मला वाटते, ही दरबाराची चित्रे आपण पाहायला हवीत. बादशाहीचा थाट पाहायला तर पाहावीच, सोन्याच्या आभाळासाठीही पाहावीत. पण पाहताना तख्ताच्या शेजारी एक नजर टाकावी. तिथे कोण होते, कुणी पुसले, आणि पुसणाऱ्याचा हात कुणाच्या हातासारखा दिसतो. पोथी पुण्याला आहे, घुमट चंद्रपूरला आहे आणि कात्रणे तर घरोघरी आहेत.

शेवटी एक कबुली. मी हे भाषण ज्या कागदावरून वाचतो आहे त्यावरचे अक्षरही तिचेच आहे. माझ्या मूळ मसुद्यात 'नारळ धरलेला हात' असे होते. प्रत करताना तिने 'नारळ' खोडला आणि वर 'फुलांचा गुच्छ' लिहिले. मी म्हटले, "मला तर नारळच आठवतो." ती म्हणाली, "नारियल आपके पास था. गुच्छा मेरे पास था."

हात तिचा होता. तेव्हा तिचेच खरे.